साक्षीदारासाठी चामड्याची खुर्ची

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, धंदा मोटारींच्या सीटा शिवण्याचा, हे मृत्युपत्र लिहायला बसण्यापूर्वी एक तक्रार नोंदवून ठेवतो. वकीलबाईंच्या कार्यालयात अशिलाला बसायला जी खुर्ची आहे, ती रेक्झीनची आहे. धड कापडाची नाही, धड चामड्याची नाही. माणूस जरा हलला की ती असा आवाज काढते की समोरच्याचा गैरसमज व्हावा. पहिला मसुदा सांगताना मी "पूर्ण शुद्धीवर असून" एवढे म्हणून पुढे सरकलो, तेव्हा तिने मधेच आपले मत दिले. वकीलबाई सभ्य आहेत, त्यांनी लिहिणे थांबवले नाही. पण कारकुनाने उठून खिडकी उघडली. जिथे माणसे स्वतःच्या मरणाची व्यवस्था लावायला येतात, तिथल्या बैठकीला थोडे तरी गांभीर्य असावे. सबब तो मसुदा मी रद्द केला आणि दुकानामागच्या खोलीत, माझ्या कापडी स्टुलावर बसून, हा दुसरा माझ्या हाताने लिहीत आहे.

मी शुद्धीवर आहे. मला कोणी धमकावलेले, फसवलेले किंवा पाजलेले नाही. मन स्थिर आहे. घरचे समजतात त्यापेक्षा तर नक्कीच. "शरीराने सुदृढ" हे शब्द नमुन्यात छापलेले होते, ते मी खोडले आहेत, कारण येत्या सोमवारी माझ्या मानेचे ऑपरेशन आहे. जन्मभर खाली मान घालून शिवल्यामुळे मानेत एक नस दबली आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." मी दवाखान्याच्या खिडकीतून त्यांची गाडी पाहून घेतली. आत मधाच्या रंगाचे चामडे. माझ्या धाकट्या भावाचे काम. त्याचा टाका मला लांबूनही ओळखू येतो. माझी मान ज्याच्या हातात जाणार, त्याने कापड आणि चामडे यांतून चामडे निवडले, एवढ्यावरून मी मृत्युपत्र करायला निघालो, असे ही म्हणते. ही म्हणजे माझी बायको. ते पूर्ण खरे नाही, पण खोडून काढावे इतके खोटेही नाही.

तर लिहून ठेवतो ते येणेप्रमाणे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक हिला. हे तिला ठाऊकच होते, त्यामुळे वाचून दाखवल्यावर तिने गहिवर वगैरे आणला नाही. म्हणाली, "आणि ते नमुन्यांचं कपाट?"

आमच्या झोपायच्या खोलीत एक कपाट आहे. मी धंद्यात पडल्यापासून जितके कापड हाताखालून गेले, त्या प्रत्येकाचा वीतभर तुकडा त्यात आहे. त्यातल्या बहुतेकांचा तागा आता शोधूनही मिळणार नाही.

"तेही तुलाच," मी म्हणालो.

"मग माझे गरम कपडे एकदाचे खाटेखालून वर येतील."

"मी गेल्यावर ना?"

"तुम्ही सोमवारी दवाखान्यात निघालात की लगेच. परत आलात तर भांडू."

सबब कपाट रिकामे करण्याचा हक्क तिला माझ्या मृत्यूची वाट न पाहता देतो. फक्त खालच्या खणातल्या निळ्या मखमलीला हात लावू नये. तिचे काय करायचे ते कलम चारमध्ये येईल.

२. दुकान, दोन शिलाई यंत्रे, कापायचे टेबल, फोमचा साठा आणि दारावरची पाटी आमच्या एकुलत्या एका मुलीला. ती माझ्याबरोबर दुकानात बसते आणि माझ्यापेक्षा बरे बोलते. तरी धंद्याबरोबर थोडा उपदेशही पदरात घालतो. तो विकता येत नाही, त्यामुळे घ्यावाच लागेल.

गिऱ्हाईक दारात येते आणि विचारते, "कापड घेऊ की लेदर?" बहुतेकांनी उत्तर घरूनच आणलेले असते, त्यांना ते फक्त आपल्या तोंडून ऐकायचे असते. ते लगेच ऐकवू नये. आधी विचारावे, गाडी दिवसभर उभी कुठे असते. उन्हात उभ्या गाडीत दुपारी चामड्यावर बसणे म्हणजे तव्यावर बसणे, आणि थंडीत पहाटे त्याच चामड्यावर बसले की माणूस ताठ होतो. मग विचारावे, मागे कोण बसते. लहान मुले असतील तर सांडलवंड होणार. चामडे पुसून निघते, कापड प्यालेले दूध महिनाभर आठवत बसते. म्हातारी माणसे वळणावर चामड्यावरून घसरतात, पण गुडघे धरलेल्या माणसाला त्याच चामड्यावरून सरकत उतरणे सोपे जाते. कुत्रा असेल तर आधी कुत्र्याला भेटावे. आणि शेवटचा प्रश्न तोंडाने न विचारता माणसाच्या चपला-बुटांकडे पाहून ओळखावा: हा वस्तू जपणारा आहे की वापरणारा. चामड्याला अधूनमधून तेल-मलम लागते, नाही मिळाले की ते रुसते आणि भेगा पाडून घेते. कापडाला काही नको. त्याला शांतपणे मळू दिले की पुरे.

शिवणाऱ्यासाठी मात्र फरक वेगळा आहे. कापडात चुकीचा टाका पडला तर उसवावा, नखाने घासावे, थोडी वाफ द्यावी, भोक मिटते. चामड्यात सुई एकदा गेली की गेली. टाका काढला तरी भोक तिथेच राहते, आणि ते पाहणाऱ्याला सगळे कळते. मी जन्मभर कापडाच्या बाजूने का राहिलो, याचे निम्मे कारण हेच असावे.

शाळेत संस्कृताच्या मास्तरांनी शिकवले होते की स्वतःचा सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो असा मांडावा की खुद्द विरोधकाने मान डोलवावी. मी तो नियम दुकानात पाळला. चामड्याची बाजू इतकी नीट मांडली की कितीतरी गिऱ्हाइके पटून रस्ता ओलांडून गेली. रस्त्यापलीकडे, आमच्या बरोबर समोर, माझ्या धाकट्याचे दुकान आहे. तो फक्त चामड्याचे काम करतो. माझा सिद्धान्त ऐकायला फारसे कोणी थांबले नाही.

मुलीने अलीकडे तिसरेच काढले आहे. बैठकीच्या मधे कापड, कडांना चामडे. "पाठीला हवा लागते बाबा, आणि कडा झिजत नाहीत."

"चामडं शिवायला कुठे शिकलीस?"

"असंच."

असंच कोणी चामडे शिकत नाही. दुपारी डबा घेऊन ती कुठे जेवायला जाते, ते तिच्या केसांना येणाऱ्या गोंदाच्या वासावरून मला केव्हाच कळले होते. तो गोंद आम्ही वापरत नाही. हिला एवढेच सांगितले की पोरीला डबा जरा मोठा देत जा, दोघांना पुरेल असा. सबब दुकान मुलीला बिनशर्त. तिने त्यात चामडे आणले तर माझ्या आत्म्याला क्लेश होतील असे कोणी तिला भिववू नये. मी द्वैती राहिलो, ती अद्वैती निघाली. घराण्यात असे होते.

३. वडिलांची मोठी कात्री मुलीला. हे दुकान मुळात वडिलांचे. ते आम्हा दोघा भावांना समोर उभे करायचे, डोळे मिटायला लावायचे आणि डाव्या हातात एक तुकडा ठेवायचे. "काय आहे?" सुती, लोकरी, मखमल, कोवळे चामडे, जून चामडे. "आणि लव कुठल्या अंगाला आहे?" लव म्हणजे मखमलीच्या अंगावरचे बारीक केस, ते एका दिशेला झुकलेले असतात. वडील म्हणायचे, "उजवा हात नुसता शिवतो रे, वाचतो तो डावा." मी कधी चुकलो नाही. धाकटा चुकायचा आणि वर हसायचा. वडील त्याला म्हणायचे, "तुला डोळे उघडे ठेवूनच पोट भरावं लागणार." त्याने ते मनावर घेतले असावे; पुढे तो डोळ्यांत भरणाऱ्या कामाकडेच गेला.

या कात्रीवर शेजारच्या चष्मेवाल्याचाही डोळा आहे. तो ती उसनी नेतो आणि तिने खोक्यांचे पुठ्ठे कापतो. मखमलीसाठी परजलेल्या पात्याने पुठ्ठा. मानेचे कळल्यावर तो भेटायला आला, बसला, दोन सुस्कारे टाकले आणि म्हणाला, "काही आठवण म्हणून ठेवायची झाली तर मला मोठं काही नको. साधी ती कात्री..."

मी वकीलबाईंना विचारले, एखाद्याला मृत्युपत्रातून काहीही मिळू नये याची पक्की सोय काय. त्या म्हणाल्या, "त्याला साक्षीदार करा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही." सबब चष्मेवाले यांना मी पहिला साक्षीदार नेमले आहे. त्यांना हा बहुमान वाटला. वाटू द्यावा.

४. आता गाडी. दुकानामागच्या शेडमध्ये वडिलांची जुनी गाडी आहे. ती अजून चालते. ती मुलीला द्यायची आहे, पण त्याआधी तिच्या पुढच्या दोन सीटांची हकीकत लिहून ठेवणे भाग आहे. ती मुलीने आईकडून ऐकली आहे, म्हणजे अर्धवट.

वडिलांनी काम सोडायचे ठरवले, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या गाडीच्या सीटा निळ्या मखमलीत करून द्यायचे ठरवले. तागा एकच. चालकाची सीट मी घेतली, शेजारची धाकट्याने. मखमल कापताना लव कुठल्या दिशेला ठेवायची, हे आधी ठरवतात. मी पुढे ठेवली. वडिलांची तीच पद्धत, माणसाला सरकत उतरता येते. त्याने मागे ठेवली. ब्रेक लागल्यावर शेजारी बसलेला पुढे घसरू नये म्हणून. दोन्हीला कारण आहे. फक्त दोघांनी एकमेकांना विचारले नाही. विचारायचे कशाला, त्याला माहीतच आहे, असे मला वाटले. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटले असणार. एका हाताखाली शिकलेली माणसेच ही चूक करू शकतात. परक्या कारागिराला मी दहा वेळा विचारले असते.

सीटा बसवल्या. मी पुढे बॉनेटपाशी उभा होतो, तो मागे बसून सीटांचे हूक अडकवत होता. लव आपल्याकडे झुकली असेल तर मखमल गडद दिसते, पलीकडे झुकली असेल तर फिकी. पुढून मला माझी सीट गर्द निळी दिसत होती आणि त्याची विटल्यासारखी. मी म्हणालो, "अरे, तुझी सीट धुवट दिसतेय."

तो मागून म्हणाला, "दादा, माझी? तुझी बघ आधी."

"उलटी कापलीस."

"मी उलटी? नीट बघ, कोण उलटा आहे."

असे बराच वेळ चालले. त्यात जुन्याही गोष्टी निघाल्या, ज्यांचा मखमलीशी संबंध नव्हता. वडील आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान झालंय. आता मी कुठे उभं राहून बघायचं, तेवढं तुम्ही दोघं ठरवून सांगा." आम्ही ते कधीच ठरवून सांगितले नाही. एकाची सीट उसवून पुन्हा करायची, एवढाच प्रश्न होता. कुणाची, यावर अडले. धाकटा म्हणाला, "कापडाचं हे असंच. चामड्याला लव नाही, भानगड नाही." आणि जाड सुईचे यंत्र घेऊन तो समोर गेला.

आम्ही बोलत नाही असे लोक म्हणतात. ते बरोबर नाही. आम्ही गिऱ्हाइकांमार्फत बोलतो. तो सांगून पाठवतो, "समोर दादा बसलेत. घाम पिणारी सीट हवी असेल तर त्यांच्यासारखा माणूस नाही." मी सांगून पाठवतो, "त्यांना म्हणावं, काम फार गुळगुळीत झालंय. गिऱ्हाईक टिकत नाही, घसरतं." वडील गेले त्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. तेव्हा मात्र मधे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून गप्प बसलो.

मागच्या महिन्यात मानेमुळे मला गाडी चालवायला मनाई झाली. डॉक्टरांकडे जाताना मुलगी चालवायला बसली, ही तिच्या शेजारी, आणि मला मागे टाकले. त्या गाडीत मी आयुष्यात कधी मागे बसलो नव्हतो. वाटेत मुलगी पेट्रोल भरायला उतरली, ही पाण्याची बाटली आणायला उतरली. पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या झाल्या आणि मी मधून डोकावलो. त्याची सीट गर्द निळी होती. माझी विटलेली दिसत होती, चांगली धुवट.

लव म्हणजे काय हे मला शिकवायची गरज नाही. मागून असेच दिसणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. माहीत होते, पाहिले नव्हते. तो त्या दिवशी तिथे बसून हे पाहत होता, आणि त्याच वेळी मी त्याला डोळे तपासून घे म्हणून सांगत होतो. ही परत आली आणि म्हणाली, "मान दुखतेय का? तोंड असं का केलंय?" मी म्हटले, "काही नाही. इथून गाडी वेगळी दिसते."

सबब गाडी मुलीला. सीटांना कापड लावायचे की चामडे, की तिचे ते मधले काही, हा निर्णय सर्वस्वी तिचा. तसेच ठेवायचे असेल तर डागडुजीसाठी खालच्या खणात त्याच ताग्याची मखमल आहे. फक्त एक सीट बदलून दुसरी ठेवू नये.

५. माझ्या धाकट्या भावाला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. कात्री नाही, गाडीत वाटा नाही, मखमलीचा तुकडासुद्धा नाही.

हे कलम वाचून हिने मान फिरवली. "निदान आत्ता तरी, जाता जाता..." एवढेच म्हणाली. तेव्हा खुलासा करतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दोघांनी, मी सही करताना, माझ्यासमोर हजर असावे लागते. कागद पाठवून, गिऱ्हाइकामार्फत, भागत नाही. रस्ता ओलांडून, आत येऊन बसावे लागते. आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. देणे आणि बोलावणे यांतले एकच करता येत होते. मी बोलावणे निवडले.

मुलीला तिच्या वाट्यातले काही कुणाला द्यावेसे वाटले तर तो तिचा प्रश्न. निळ्या मखमलीचे दोन सारखे भाग होतात एवढे नमूद करतो. वकीलबाईंनी हे वाक्य वाचून खिडकीबाहेर पाहिले आणि त्या म्हणाल्या, "मी हे वाचलेलं नाही."

६. किरकोळ. वकीलबाईंना खुर्चीपुरते करड्या रंगाचे जाड कापड, शिलाईसह. डॉक्टरांना काही नाही. त्यांची निवड झालेली आहे. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी लावणारे मामा, ज्यांच्या सीटा मी वर्षानुवर्षे शिवल्या आणि ज्यांनी दर वेळी "फोम जरा कमी पडला" असे म्हटले, त्यांना उरलेला सगळा फोम.

७. सह्यांबाबत. सह्या वकीलबाईंच्या कार्यालयात होणार नाहीत, तिथल्या खुर्चीवर माझा विश्वास नाही. शनिवारी सकाळी, दुकानामागच्या या खोलीत होतील. चष्मेवाल्यांनी होकार दिला आहे; नवीन शर्ट शिवायला टाकला आहे असे कळते. धाकट्याकडे मी मुलीला पाठवले. ती परत आली ती हसतच.

"काय म्हणाला काका?"

"म्हणाले, 'दादा मला काय ठेवतोय?' मी म्हटलं, 'काहीच नाही.'"

"मग?"

"हसले. म्हणाले, 'म्हणजे डोकं ठिकाणावर आहे अजून.' मग मी साक्षीदाराचं सांगितलं. तेव्हा हातातलं काम खाली ठेवलं त्यांनी."

"येतो म्हणाला?"

"बघतो म्हणाले. आणि विचारलं, बसायला काय आहे. कापड असेल तर उभा राहून सही करीन म्हणाले."

ही आतून ऐकत होती. ती बाहेर आली. "नाही आला तर? पोरीचं दुकान टांगणीला लावून तुम्हाला भावाची वाट बघायचीय?"

"वकीलबाईंचा कारकून चालतो दुसरा साक्षीदार म्हणून."

"मग त्यालाच बोलवा ना आधी."

"तो खिडकी उघडतो," मी म्हणालो. हे उत्तर नव्हते, तिलाही ते कळले. पण तिचे म्हणणे रास्त आहे, म्हणून ठरवून ठेवतो: धाकट्याची वाट रविवारच्या संध्याकाळपर्यंत पाहावी. तोवर तो आला नाही तर कारकुनासमोर सही करून मी हे काम पुरे करीन, आणि मुलीचे काही अडणार नाही. त्यानंतर त्याला कोणी बोल लावू नये. तो येण्याला बांधलेला नाही. त्याच्या बाजूने गाडी मागूनच पाहायला हवी, आणि मी तिथे एकदाच बसलो आहे.

तो आला तर त्याने दारातल्या डाव्या खुर्चीवर बसावे. तिला मी चामडे लावले आहे. बाजारातून घेतलेले, चांगले, तपकिरी. हिला वाटते मुलीने लावले, मुलीला वाटते विकत आणली. ते मी स्वतः शिवले आहे, दुकान बंद असण्याच्या वारी, आतून कडी लावून. जाड सुईचे यंत्र त्याच्याकडे, म्हणून दाभणाने, हातानेच. कापडवाल्याचे काम आहे, तेवढी सवलत पाहणाऱ्याने द्यावी.

वरील सर्व मी स्वखुशीने, समजून-उमजून लिहिले आहे. यापूर्वीचा मसुदा रद्द समजावा. तो खुर्चीनेही नामंजूर केला होता.

मृत्युपत्र करणार: (सही दोन्ही साक्षीदारांसमोर करीन)

साक्षीदार पहिले: चष्मेवाले, शेजारचे दुकान

साक्षीदार दुसरे: माझा धाकटा भाऊ, समोरचे दुकान (जागा मोकळी ठेवली आहे)

ठिकाण: दुकानामागची खोली, जिथून रस्त्यापलीकडचे दार दिसते

दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार, दुपार

ताजा कलम. हे वकीलबाईंना वाचायला देणार नाही; त्या परत खिडकीबाहेर पाहतील.

धाकटा आला तरी खुर्चीवर लगेच बसणार नाही, हे मला माहीत आहे. तो आधी वाकून शिवण पाहील. डाव्या कडेला, पाठीच्या खाली, रिकाम्या भोकांची एक ओळ आहे. तिथे टाका चुकला, काढला, परत चुकला. चामडे असल्यामुळे सगळे तिथेच आहे. इतरांना ते कच्चे काम वाटेल. त्याला वाटणार नाही. तो अंगठा फिरवील आणि विचारील, "दादा, डाव्या हाताला काय झालंय?"

काही महिन्यांपूर्वी डाव्या बोटात सुई गेली आणि मला समजले नाही. मुलीने दाखवले, "बाबा, रक्त येतंय," तेव्हा मी म्हटले, येऊ दे, लाल पट्टीच लावायची आहे. ती हसली, म्हणून सुटलो. मग एके दिवशी दुकानात कोणी नसताना वडिलांची परीक्षा स्वतःच घेऊन पाहिली. डोळे मिटले आणि टेबलावरचे दोन तुकडे डाव्या हाताने उचलले. एक कापडाचा होता, एक चामड्याचा. कोणता कोणता, ते सांगता आले नाही. त्यानंतर रोज पाहतो. रोज तेच.

डॉक्टर म्हणाले, मान धरणार नाही, चालणे-फिरणे नीट राहील. बोटांचे काय, ते मी त्यांना विचारलेले नाही. घरात कोणालाच सांगितलेले नाही. त्याने विचारले तर त्याला सांगेन.